कोआंदू-मिरिमचा ‘शोध’ कसला?

रानवाट्या: काल इथे एकांनी लिहिलं, "ब्राझीलमध्ये २०१३ साली झाडावरच्या साळिंदराची नवी जात सापडली, विज्ञानाचा विजय!" राहवलं नाही म्हणून लिहितोय. तिथल्या पेर्नांबुको राज्यातले लोक त्याला आधीपासून कोआंदू-मिरिम म्हणत होते. मिरिम म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेत धाकटा. तिथलं किनाऱ्यालगतचं रान पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून उसासाठी तोडलं. आता उसाच्या मधे अडकलेले तुकडे तेवढे उरलेत आणि त्यांत हे दीडेक किलोचं जनावर. विजय कुणाचा?

शास्त्रवाल्या बाई: नाव होतं, मान्य. पण त्याच्या पाठीचे काटे तिरंगी, टोकाला तांबूस, आणि काटे झाकणारे लांब केस नाहीत, हे कुणीतरी बारकाईने पाहून लिहायलाच हवं होतं. कागदावर वेगळी जात नसेल तर संरक्षण मागणार कुणासाठी? शास्त्रीय नावातला ‘स्पेराटस’ हा शब्दही आशेवरूनच आलाय.

देवरुखचा बागायतदार: साळिंदराचं कौतुक ज्यांच्या बागेत ते येत नाही त्यांनी करावं! गेल्या पावसात माझी अकरा माडाची रोपं कोंब खाऊन आडवी केली, सुरणाचा वाफा उकरला. भरपाईसाठी चार खेपा घातल्या, साहेब जाग्यावर नाहीत.

रानवाट्या: काका, आपलं बिळात राहणारं. ते शेपटीने फांदी धरून फिरतं. कूळच वेगळं.

देवरुखचा बागायतदार: कूळ बघून माझी रोपं उभी राहणार आहेत का? वर काटे फेकून मारतं.

कुडाळची माहेरवाशीण: फेकत नाही हो! आमच्या मोतीवर ते पाठमोरं धावून आलं होतं. आजोबांनी चिमणीच्या उजेडात पकडीने त्याच्या जबड्यातून सात काटे काढले. मी त्याचे पाय धरले होते.

देवरुखचा बागायतदार: माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना खोटं पाडू नका.

शास्त्रवाल्या बाई: वडिलांचा मान आहेच, पण काटे सैल असतात, टोचले की निघून येतात. कुठलंच साळिंदर फेकत नाही.

देवरुखचा बागायतदार: बरं, नसेल फेकत. पण एक सांगतो, पूर्वी ते खाली येत नव्हतं. वरचा डोंगर काजूसाठी साफ केला त्या वर्षापासून येतंय.

रानवाट्या: अहो, उसाचं मी तेच म्हणतोय! आणि बाई, कागद लागतो एवढं मानतो. पण त्या कागदावर कोआंदू-मिरिम आधी लिहा, लॅटिन मागून.