मदत हवी आहे: सायकलच्या कॅसेटवरचा (मागच्या गिअरच्या चक्रांच्या संचावरचा) जुना चिकटा निघत नाही

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा. मेहुण्याने त्याची जुनी गिअरची सायकल माझ्या मुलीसाठी दिली आहे. गणेश चवथीपूर्वी ती तिच्या हाती द्यायची आहे, तिला साखळी गावात क्लासला जायला होईल. मागे ८ गिअर, सर्वांत लहान चक्राला ११ दाते, मोठ्याला ३४. फ्रेम उत्तम आहे. घोटाळा फक्त चेन आणि गिअरच्या भागात आहे.

मेहुणा चेनला स्कूटरचं वापरलेलं इंजिन ऑइल चोपडायचा. त्यावर आमच्याकडची तांबडी खनिजाची धूळ बसली आणि मग सायकल दोन पावसाळे पडवीत उभी राहिली. आता थर अगदी डांबरासारखा झालाय. स्क्रूड्रायव्हरने खरवडला की वर काळी, आत तांबूस अशी मेणासारखी गोळी निघते. डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) दोन छोट्या चाकांचे दाते तर दिसतच नाहीत, नुसत्या गोल चकत्या वाटतात.

भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने फक्त वरची माती गेली. मग चेन जोडकडीपाशी सोडवली, बाटलीत डिझेल घालून खळखळवली. चौथ्या वेळेस डिझेल जरा स्वच्छ राहिलं. चेन लखलखीत झाली, पण पट्टी लावली तर २४ कड्यांना १२ इंच भरायला हवेत तिथे १/१६ इंच जास्त भरतंय. म्हणजे चेन झिजून लांबली आहे, ती बदलणारच. नवी चेन या घाणीवर चढवायला मन होत नाही.

अडलंय कॅसेटपाशी. उलट फिरवल्यावर मधली दातेरी रिंग चक्रांबरोबर फिरते, म्हणजे ती कॅसेटच, फ्रीव्हील (आट्यांवर फिरवून बसवलेला जुन्या पद्धतीचा संच) नव्हे. पण ती काढायचा पाना माझ्याकडे नाही. चाकावरच डिझेल ओतलं तर आतलं ग्रीस धुऊन जाईल आणि शिंतोडे डिस्क ब्रेकवर उडतील याची धास्ती वाटते. चक्रांच्या फटीतून डिझेलात बुडवलेली चिंधी ओढून पाहिली; कडा उजळल्या, खोबणीतला चिकटा तसाच. कुणी हे चाकावरच नीट साफ केलंय का? एका दुकानात बाथरूमचं ॲसिड लावायला सांगितलं. पोलादी दात्यांना ते लावायला मी तयार नाही. कॉस्टिक सोडाही नको, डिरेलरचा पिंजरा ॲल्युमिनियमचा आहे.

ती दोन छोटी चाकं प्लॅस्टिकची आहेत. ती डिझेलात तासभर भिजवली तर चालेल का? वरचं आणि खालचं चाक अदलाबदल होऊ नये म्हणून खुणा करून ठेवल्यात.

शिवाय धुतलेलं काळं डिझेल बरणीत साठवलंय. अंगणातच विहीर आहे, त्यामुळे ते मातीत ओतणार नाही. गॅरेजवाले घेतात का?

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जातोय. कॅसेटचा पाना आणि चेनव्हिप (पाना फिरवताना चक्रं धरून ठेवायचं हत्यार) घेणंच बरं असं तुमचं मत असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, येताना घेऊनच येईन.