भाकीत शाईने, अर्थ पेन्सिलने: बायबलमधली भाकितं खरी की खोटी, ठरवायचं कसं?

लिबर्टी चौक:

मागच्या रविवारी सदर भागात मावशीकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर तिने एक वही दाखवली. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका प्रचारकाने प्रार्थनासभेत माझ्या मावसभावाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की बारा महिन्यांच्या आत हा परदेशात नोकरीला असेल. मावशीने त्याच रात्री तारीख घालून, निळ्या शाईने ते लिहून ठेवलं. भावाने बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडला आणि पासपोर्ट काढला. बारा महिने गेले, चोवीसही गेले. आता त्या ओळीखाली पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलंय: 'महिने देवाचे, आपले नव्हेत?'

ते प्रश्नचिन्ह डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. त्या प्रचारकाचं सोडा, तो गेला पुढच्या गावाला. खुद्द बायबलमधली भाकितं कोणत्या मापाने मोजायची?

माप त्याच ग्रंथात आहे. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, १८व्या अध्यायात, सरळ म्हटलंय की संदेष्टा परमेश्वराच्या नावाने बोलला आणि बोललेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे, त्याला भिऊ नका. इतकं कडक माप आपल्याकडच्या एखाद्या ज्योतिषाने स्वतःला लावून घेतलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आता हेच माप यहेज्केल या संदेष्ट्याला लावा. २६व्या अध्यायात तो म्हणतो, बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर समुद्रकाठच्या सोर (टायर) शहरावर घोडे घालील, वेशी फोडील, रस्ते तुडवील, आणि ते शहर पुन्हा कधी बांधलं जाणार नाही. वेढा तेरा वर्षं चालला असं योसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार सांगतो. शहर त्या भाकितासारखं काही पडलं नाही. आणि हे मी म्हणत नाही, तीन अध्यायांनंतर यहेज्केल स्वतःच म्हणतो. सैनिकांच्या डोक्यांना टक्कल पडलं, खांदे सोलून निघाले, पण सोरकडून मजुरी मिळाली नाही, म्हणून परमेश्वर आता त्या राजाला मिसर (इजिप्त) देश देतो.

माझं मत: शाईत जे लिहिलं तेच तपासायचं. पेन्सिल बाजूला ठेवायची.

तर्रीपोहे:

हाहा, भाऊ, पेन्सिल तर सगळ्याइकडे आहे. आमच्या बुलढान्यात भेंडवळची घटमांडणी हाये. अक्षय तृतीयेले वावरात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं, मधात चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, अन् दुसऱ्या दिवशी पहाटे सांगतात पाऊस कसा, पीक कसं. 'कुठी कमी, कुठी जास्त.' आता मले सांगा, असं कोनतं साल गेलं जेव्हा पाऊस कुठी कमी अन् कुठी जास्त पडला नाही? माह्या बाबाचा त्यावर लई विश्वास होता. पेरणी मात्र ते आभाळ पाहूनच करत!

तुमचा यहेज्केल बरा म्हना मी. नाव घेऊन, गाव सांगून चुकला तरी.

सदरचा घंटानाद:

मी चर्चमध्ये वाढलेला माणूस आहे, त्यामुळे माझ्याकडे पक्षपात धरूनच वाचा.

लिबर्टी चौक, तुम्ही 'भाकीत' म्हणजे हवामान खात्याचा अंदाज धरून बसलात. संदेष्ट्याचं काम वेगळं. योना नावाचा संदेष्टा निनवे शहरात जाऊन ओरडला, आणखी चाळीस दिवस, मग निनवे नष्ट. अट नाही, 'पण' नाही. राजापासून सगळ्यांनी गोणपाट नेसलं, शहर वाचलं. तुमच्या शाईच्या हिशेबाने योना खोटा. गंमत म्हणजे योनालाही तसंच वाटलं! रुसून शहराबाहेर जाऊन बसला. ती अख्खी गोष्ट त्या रुसव्यासाठीच लिहिली आहे असं मला कधीकधी वाटतं. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, १८व्या अध्यायात, कुंभाराच्या चाकाजवळ परमेश्वराने नियमच सांगितलाय की ज्या राष्ट्राबद्दल मी नाश बोललो ते वळलं, तर मीही वळेन.

आई पोराला म्हणते, 'पडशील बघ'. पोरगं खाली उतरलं, तर आई खोटी ठरली का?

आणि सोरबद्दल. २६व्या अध्यायात सुरुवातीलाच 'पुष्कळ राष्ट्रं' लाटांसारखी येतील असं आहे. बाराव्या ओवीपासून 'तो' (नबुखद्नेस्सर) जाऊन 'ते' (अनेकजण) येतं. इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने किनाऱ्यावरच्या जुन्या शहराचा राडारोडा समुद्रात टाकून बेटापर्यंत भराव घातला आणि सात महिन्यांत सोर घेतलं. दगड, लाकूड, माती पाण्यात टाकतील, हे भाकितात शब्दशः आहे.

लिबर्टी चौक:

भरावाचा मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण सिकंदरानंतर सोर पुन्हा उभं राहिलं, येशूचा प्रेषित पौल तिथे सात दिवस राहून गेला, आजही लेबनॉनमध्ये ते नांदतं गाव आहे. 'पुन्हा बांधलं जाणार नाही' याचं काय? आणि मिसर चाळीस वर्षं ओसाड पडेल असं २९व्या अध्यायात आहे. तसं ते कधी पडलं?

दुसरं, आईचं उदाहरण छान आहे, पण त्यातून निघायला वाट राहत नाही. घडलं तर देवाचा शब्द, नाही घडलं तर लोक वळले. मग हनन्या खोटा कसा? तोही म्हणू शकला असता की मी दोन वर्षांत सुटका सांगितली होती, तुम्ही नीट वागला नाहीत!

लोखंडी पूल:

हनन्या कोण ते न वाचलेल्यांसाठी: यिर्मया २८. यरुशलेमच्या मंदिरात दोन संदेष्टे समोरासमोर. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू, अर्थ असा की बाबेलची गुलामी सोसावी लागेल. हनन्या म्हणतो, दोन वर्षांत सगळं परत येईल, राजाही आणि मंदिराची भांडीही. यिर्मया आधी काय म्हणतो? 'आमेन, तसंच होवो.' मग हनन्या ते जू ओढून मोडतो, आणि यिर्मया मुकाट्याने निघून जातो. नंतर परत येऊन सांगतो की याच वर्षी तू मरशील. सातव्या महिन्यात हनन्या मेला.

आता त्या मंदिरात उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. दोघंही म्हणतात 'परमेश्वर असं म्हणतो'. अनुवाद १८चं माप त्या दिवशी काय कामाचं? दोन वर्षं थांबायचं? तोवर बंड करायचं की नाही, हे आजच ठरवायचंय. घडून गेल्यावर लागणारं माप म्हणजे पेपर तपासून झाल्यावर हातात आलेली प्रश्नपत्रिका.

हिब्रू मजकुरात हनन्यालाही शेवटपर्यंत 'संदेष्टा'च म्हटलंय. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांना ते सहन झालं नाही, त्यांनी 'खोटा संदेष्टा' असं घातलं. झाली पेन्सिल.

सदरचा घंटानाद:

लोखंडी पूल, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत, पण उत्तर त्याच पानावर आहे. यिर्मया म्हणतो, आधीचे संदेष्टे लढाई, दुष्काळ, मरी यांबद्दल बोलत आले. जो शांतीचं भाकीत करतो त्याचं बोलणं घडल्यावरच त्याला खरा मानावं. म्हणजे पुराव्याचं ओझं गोड बोलणाऱ्यावर. अहाब राजाच्या दरबारात चारशे संदेष्टे एका सुरात 'चढाई कर, जिंकशील' म्हणाले. मीखाया एकटा 'नाही' म्हणाला आणि कैदेत गेला. यिर्मयाला तर चिखलाच्या हौदात सोडलं. तेव्हा पहिली चाचणी: या भाकिताने कोणाचं पोट भरतं, आणि ते सांगणाऱ्याची किती पाठ सोलते? लिबर्टी चौक, तुमच्या मावसभावाच्या डोक्यावर हात ठेवणारा या चाचणीत पहिल्याच दिवशी नापास होता. दोन वर्षं थांबायची गरजच नव्हती.

लिबर्टी चौक:

हे मात्र मला सुचलं नव्हतं. पण ही माणूस प्रामाणिक आहे की नाही याची चाचणी झाली. वाक्य खरं ठरेल की नाही, याची नाही. प्रामाणिक माणूसही चुकतो.

नऊ चाळीसची पॅसेंजर:

कोणीच अजून मूळ प्रश्न विचारला नाही: भाकीत लिहिलं केव्हा? हे माहीत नसेल तर बाकी सगळी चर्चा हवेत.

बायबलमधलं दानीएलाचं पुस्तक घ्या. गोष्ट बाबेलच्या काळातली, म्हणजे इ.स.पू. सहावं शतक. अकराव्या अध्यायात सिकंदरानंतरच्या राजांच्या लढाया, लग्नं, दगे इतक्या बारकाईने येतात की वाचताना भूगोलाचा नकाशा लागतो. सीरियाचा ग्रीक राजा चौथ्या अँटायोकसने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर बाटवलं, इथपर्यंत नेमकं. मग तो मिसरवर पुन्हा स्वारी करील आणि समुद्र व पवित्र डोंगर यांच्यामध्ये त्याचा अंत होईल, असं आहे. प्रत्यक्षात तो इ.स.पू. १६४ मध्ये पूर्वेला इराणकडे मेला. नेम जिथे सुटला, तिथे लिहिणाऱ्याचा वर्तमानकाळ. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातच पॉर्फिरी या ख्रिस्ती धर्माच्या टीकाकार तत्त्वज्ञाने म्हटलं होतं की हे घडून गेल्यावर लिहिलंय, आणि आजचे बहुतेक अभ्यासक तेच मानतात. आपल्याकडे भविष्य पुराणात आदम येतो, न्यूह येतो, इंग्रजांचं राज्यही येतं, सगळं भविष्यकाळात. ते वाचून आपण व्यासांना त्रिकालज्ञ म्हणतो की पोथीत भर पडली असं म्हणतो? तोच न्याय इथेही.

सदरचा घंटानाद:

बहुतेक अभ्यासक मानतात, सगळे नाही. आणि 'भविष्य कळू शकत नाही' हे आधीच गृहीत धरलं, तर तारीख पुढे ढकलावीच लागते. ही पेन्सिल तुमची.

नऊ चाळीसची पॅसेंजर:

तसं असतं तर शेवटही बरोबर यायला हवा होता. चूक कुठे सुरू होते त्यावरून तारीख काढलीय, गृहीतकावरून नाही.

आणि भाकितांची दुसरी जात म्हणजे जी वाक्यं मुळात भाकीतच नव्हती. 'मिसरातून मी माझ्या मुलाला बोलावलं' हे होशेय संदेष्ट्याचं वाक्य भूतकाळातलं, इस्राएल लोकांबद्दलचं. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय ते उचलून बाळ येशूला लावतो. मत्तय जिला येशूची आई मानतो ती यशयाच्या सातव्या अध्यायातली 'कुमारी' हिब्रूत फक्त तरुण स्त्री आहे, आणि यहूदाच्या आहाज राजाला दिलेली ती खूण त्याच्याच हयातीतली: मुलाला बरंवाईट कळायच्या आत दोन शत्रू राजांचे देश ओस पडतील.

जुना शब्दकोश:

मत्तयाला ज्योतिषी समजू नका एवढंच म्हणतो. जुनं वाक्य नव्या प्रसंगाला लावणं ही त्या काळच्या यहुदी वाचनाची रीत होती. आपले कीर्तनकार पूर्वरंगात तुकोबांचा एक अभंग घेतात आणि उत्तररंगात कथा भलतीच लावतात, तेव्हा कोणी उठून म्हणत नाही की तुकाराम महाराजांनी हे भाकीत केलं नव्हतं.

लोखंडी पूल:

पण कीर्तनकार ते पुरावा म्हणून पुढे करत नाही ना. घरी येणारी पत्रकं करतात. 'येशूत तीनशे भाकितं पूर्ण झाली!'

तर्रीपोहे:

नारळीकर सरांनी पुन्यात २००८ मध्ये ज्योतिषांची चाचणी घेतली होती, आठवते का? हुशार पोरं अन् मतिमंद पोरं, दोघांच्या पत्रिका मिसळून देल्या. २७ जनांनी ४० पत्रिकांची उत्तरं पाठोली. बरोबर निघाले ४६ टक्के. नानं उडोलं असतं तं पन्नास! मुद्दा असा का नियम आधी ठरले होते, दोन्ही बाजूंनी. बायबलले असं कसं करनार, लिहिनारे गेले अडीच हजार वर्षांआधी. तारखा देनाऱ्यांचं मात्र होते. अमेरिकेतल्या विल्यम मिलरचे लोक येशू परत येनार म्हनून २२ ऑक्टोबर १८४४ ले रातभर आभायाकडे पाहत बसले, तं हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकन प्रचारकाने जगबुडीची तारीख २१ मे २०११ सांगतली, ते हुकलं तं २१ ऑक्टोबर. दोघंही बायबलातूनच गनित काढून राहिले होते.

सदरचा घंटानाद:

आणि दोघांनीही मार्क १३:३२ वाचलं नव्हतं, तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही.

नऊ चाळीसची पॅसेंजर:

दोनच ओव्या वर, १३:३०, येशू म्हणतो: ही पिढी जाण्याआधी हे सगळं होईल. तेही वाचा.

सदरचा घंटानाद:

वाचलंय. त्यावर माझ्याकडे चार स्पष्टीकरणं आहेत आणि चारही मला अर्धीच पटतात. यरुशलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं, त्याच पिढीत, हे तुम्हीही मान्य कराल. उरलेल्याचं उत्तर मी आज देत नाही.

लिबर्टी चौक:

काल पुन्हा सदरला गेलो होतो. मावशीला म्हटलं, हनन्याची गोष्ट वाचून दाखवतो. ती म्हणाली, मला काय वाचून दाखवतोस, वीस वर्षं संडे स्कूलला मीच शिकवते. मग विचारलं, हनन्याच्या दोन वर्षांत महिने कोणाचे होते, देवाचे की आपले?

ती चहा ठेवायला उठली. वही टेबलावरच होती. भाऊ म्हणाला, दादा, खोडरबर आहे का तुझ्याकडे?