बिग फिनिशची ऑडिओ नाटकं कुठून सुरू करू?

नाटकवेडी_फोंडा: रोज फोंडा-पणजी कदंबा बसने जाते, ऐकायला काहीतरी हवंय. डॉक्टर हू ही ब्रिटिश सायफाय टीव्ही मालिका थोडीफार बघितलीय, पण तिची ऑडिओ नाटकं काढणाऱ्या बिग फिनिश कंपनीचं ढीगभर आहे हो, सुरुवात कुठून?

कट्टा_पेडणे: पॉल मॅकगॅनपासून करा, मालिकेचा नायक 'डॉक्टर' रंगवणाऱ्या नटांपैकी एक. टीव्हीवर तेव्हा त्याला १९९६ चा एकच सिनेमा मिळालेला, पण २००१ पासून ऑडिओत त्याचा डॉक्टर काय फुललाय! 'स्टॉर्म वॉर्निंग' आधी घ्या, मागचं काही माहीत नसलं तरी चालतं.

श्रोता_म्हापसा: +१. १९९९ ला बिग फिनिशने ऑडिओत डॉक्टर हू सुरू केलं तेव्हा टीव्हीवर मालिका बंदच होती, मूळ नटांना घेऊन ती जिवंत ठेवली यांनी, मला त्याचंच जास्त कौतुक. हेडफोन लावाच, आकाशवाणीच्या श्रुतिकांसारखं आवाजातनं सगळं उभं राहतं.

नाटकवेडी_फोंडा: थँक्यू! उद्याच्या बसला 'स्टॉर्म वॉर्निंग'च.