इंजिन एक असलं म्हणून काय झालं

कुणी म्हणतं की छोट्या विमानाला एकच इंजिन, ते बंद पडलं की संपलं. अहो तसं नसतं हो. सेसना १७२ हे छोटं विमान इंजिन बंद असतानाही साधारण ९ ला १ या हिशोबाने (एक फूट खाली येताना नऊ फूट पुढे) तरंगत जातं, म्हणजे पणजीवर ३००० फुटांवर इंजिन गेलं तरी वारा नसेल तर आठेक किमी मिळतात, पर्वरी आरामात ओलांडाल (उतरायला सपाट जागा कुठे मिळणार तो प्रश्न वेगळा, सगळीकडे माडच माड).

आणि इंजिन बंद का पडतं ते बघा, पुष्कळदा बिघाड नसतोच, पेट्रोल संपलेलं असतं! दुसरं म्हणजे कार्ब्युरेटरमधला (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातला) बर्फ. आपल्या गोव्यासारख्या दमट हवेत, बाहेर २५ डिग्री असतानाही होतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान धाडकन खाली येतं, आणि उतरताना थ्रॉटल (इंजिनाचा जोर) कमी असला की जास्तच. आधी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू घसरतो, तेव्हाच कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी कळ) ओढायची. मग इंजिन थोडं आणखी खडखडतं आणि लोक घाबरून कार्ब हीट परत बंद करतात, तिथेच चुकतं.

बाकी १९९९ मध्ये केनेडी ज्युनियर (अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव) स्वतः चालवत असलेलं छोटं विमान कोसळून गेले तेव्हा इंजिन चालूच होतं, रात्री धुरकट समुद्रावर क्षितिजच दिसेना आणि दिशेचं भान गेलं.