थकलेल्या बिलाचं पत्र
"आधी दोन परिच्छेद संबंध जपणारे लिहा, मग पैशाचं काढा" हा थकलेलं बिल मागणाऱ्या पत्राबद्दल दिला जाणारा सल्ला मला पटला नाही. मोठ्या कंपनीत पत्र आधी आवक विभागात पडतं आणि तिथला माणूस 'विषय' वाचून ते कोणाच्या टेबलावर जायचं ते ठरवतो. म्हणून नुसतं 'थकबाकीबाबत' लिहू नका. बिल क्रमांक, तारीख, रक्कम विषयातच येऊ द्या. 'संदर्भ'मध्ये खरेदी आदेश आणि माल पोचवल्याच्या चलनाचा क्रमांक.

तुमची सरकारकडची 'उद्यम' नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याचा उल्लेख जरूर करा. कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे पैसे देण्याची मुदत जात नाही. उशीर झाला तर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक दरा'च्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. धमकीचा सूर नको, एक साधं वाक्य पुरे.

आणि स्थळप्रतीवर, म्हणजे पत्राच्या आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, त्यांचा शिक्का, सही, तारखेसह पोच घ्याच. आमच्या वर्कशॉपचं एक बिल केवळ "पत्र मिळालंच नाही" या उत्तरावर वर्षभर रखडलं होतं.