आठ वर्षाच्या मुलीचा ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे) काढायला सांगितलाय, जबड्याची वाढ त्यात कळते का?

चिऊची_आई: नमस्कार, आम्ही नाशिकला इंदिरानगरला राहतो. मुलीचे वरचे दोन दात पुढे आलेत आणि बाजूने बघितलं की खालचा जबडा मागे वाटतो. सासऱ्यांची ठेवण तशीच आहे त्यामुळे घरात कोणाला काही वाटत नव्हतं. दाढ किडली म्हणून गंगापूर रोडला दाखवलं तर मॅडम म्हणाल्या ओपीजी काढून आणा, वाढीचं बघू. एवढ्याशा पोरीच्या डोक्याभोवती मशीन फिरणार म्हटल्यावर पोटात गोळाच आला. जबडा पुढे किती वाढणार हे खरंच कळतं का त्यात? आणि रेडिएशनचं काय?

सातपूरकर_काका: काही काढू नका. आमच्या वेळी दुधाचा दात पडला की कौलावर फेकायचो, संपला विषय. आता आधी फोटो मग तारा मग हप्ते. बारा वर्षाची होऊ द्या, मग बघा.

दातांचा_मिस्त्री: काका, तारांबद्दल तुमचं बरोबर असेलही, पण जबडा मागे असेल तर बारापर्यंत डोळे मिटून बसणं मुलींच्या बाबतीत महागात पडू शकतं, कारण त्यांची उंची साधारण दहा ते बारात झपाट्याने वाढते आणि जबडाही त्याच सुमारास, ट्विन ब्लॉकसारखी काढता-घालता येणारी प्लेट त्याच काळात जास्त काम करते. मुलांचं हे दीड-दोन वर्षं उशिरा येतं.

ताई, मी ऑर्थोचं (वाकडे दात, जबडा सरळ करायचं) शिकतोय. ओपीजीत दात दिसतात. दुधाच्या दाताखाली पक्का दात आहे का, एखादा जन्मतःच नाहीये का (नसलाच तर बऱ्याचदा खालची दुसरी प्रीमोलर, म्हणजे लहान दाढ, नसते), जास्तीचा दात कुठे अडकलाय का, वरचा सुळा कुठल्या दिशेने निघालाय, हे सगळं एका फोटोत. दातांची मुळं किती तयार झालीत त्यावरून दातांचं वय काढतात, १९७३ ची डेमिर्जियनची पद्धत आहे, खालच्या डाव्या बाजूचे सात दात बघतात. पण दातांचं वय म्हणजे वाढीचा टप्पा नव्हे. जबडा किती पुढे-मागे आहे हे बघायला लॅटरल सेफ, म्हणजे बाजूने काढलेला डोक्याचा एक्सरे लागतो, त्यातच मानेच्या मणक्यांच्या आकारावरून वाढीचा जोर यायचाय की येऊन गेला याचा अंदाज येतो. ओपीजीत चित्र मोठं आणि ठिकठिकाणी वेगवेगळं ताणलेलं येतं, त्यामुळे त्यावर पट्टी ठेवून जबडा मोजू नये. मान जरा वाकडी झाली तरी एक बाजू मोठी दिसते आणि आईबाप घाबरतात. आणि किती वाढणार हे छातीठोकपणे कुठलाच एक्सरे सांगत नाही.

रेडिएशन साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट. आपल्याला निसर्गातूनच दोन-चार दिवसात तेवढं मिळतं. म्हणून दर सहा महिन्याला काढावा असं नाही, कारण असेल तरच.

पंचवटीची_मावशी: माझ्या मुलाचा केबीएच डेंटल कॉलेजला काढला होता, पंचवटीतच आहे. कानातलं, गळ्यातलं, क्लिपा घरीच काढून जा, नाहीतर फोटोत पांढरे डाग येतात. हनुवटी टेकवून पुढच्या दातांनी एक काडी धरायची, जीभ टाळूला लावायची, आणि पंधरा-वीस सेकंद हलायचं नाही, ह्यातच खरी गंमत आहे. आमचं ध्यान मशीन फिरायला लागल्याबरोबर मान वळवून बघायला लागलं, परत काढावा लागला. घरी आधी पुतळा-पुतळा खेळून घ्या.

चिऊची_आई: दादा, मग मॅडमना सेफच काढा म्हणू का?

दातांचा_मिस्त्री: तसं नको. ओपीजीत नेमकं काय बघायचंय ते विचारा. दात मोजायचे असतील तर आठव्या वर्षी ठीकच आहे. जबड्यासाठीच म्हणत असतील तर आधी एखाद्या ऑर्थोडॉन्टिस्टला नुसतं तोंड दाखवा, सेफ कधी काढायचा ते तो ठरवेल. आणि अक्कलदाढ दिसली नाही तर घाबरू नका, या वयात बऱ्याच मुलांची दिसत नाही.

सातपूरकर_काका: नुसतं दाखवायला माझी ना नाही. किडलेली दाढ आधी भरून घ्या पण.