प्रति: पत्रकारितेची पदवी परवडते का?
"फी दोन वर्षांत वसूल होते" असं वर कुणी लिहिलंय, त्यात पुण्यातली खोली आणि मेस धरलेलीच नाही. मी गोव्यातल्या म्हापशातून एका दैनिकाला बातम्या द्यायचो. मानधन छापलेल्या बातम्या मोजून. कात्रणं वहीत चिकटवून ठेवायचो, तरी महिन्याअखेर दोन-चार गळायच्याच. पत्रकार आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांचे पगार ठरवायला नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने २०११ मध्ये लागू केल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरल्या. माझ्या खिशापर्यंत काही पोचल्या नाहीत. घरून ये-जा करून पदवी होत असेल तर जरूर करा. कर्ज काढणार असाल तर आधी सहा महिने वार्ताहरकी करून बघा. ग्रामसभेत भांडण कोंकणीत, कागद इंग्रजीत आणि बातमी रात्री आठच्या आत मराठीत. हे मला तरी कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.